रोमन लोक दस्त मोहोरबंद कसे करायचे?

सातपूरची सई
वडिलांचं मृत्युपत्र परवा घरी उघडलं. जाड पाकीट, दोऱ्याची गाठ, गाठीवर लाल लाख आणि तिच्यात त्यांच्या अंगठीतला 'श्री' उमटलेला. फोडताना हात थरथरला. मुलगा आठवीत आहे, त्याने विचारलं, रोमन लोकही असंच करायचे का? त्यांच्याकडे लाख होती?

गोदाकाठ
ताई, लाख नाही, मेण वापरायचे. मी टपाल खात्यात होतो, विमा पार्सलच्या शिवणीवर शेकडो लाखा लावल्यात, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

लाकडी पाटीला खोलगट करून त्यात मेण भरायचं आणि अणकुचीदार कांडीने लिहायचं. महत्त्वाच्या दस्ताला अशा तीन पाट्या. पहिल्या दोन समोरासमोर मिटून दोऱ्याने बांधायच्या. दुसरीच्या मागे एक खाच असे, तिथे दोऱ्यावर साक्षीदारांच्या मोहोरा. मृत्युपत्राला सात! व्यवहाराच्या दस्तात तोच मजकूर बाहेर पुन्हा लिहिलेला असायचा, म्हणजे मोहोर न फोडता वाचता येई. वाद झाला तरच आतला उघडायचा.

तरी खोटे दस्त व्हायचेच. म्हणून रोमन सम्राट नीरोच्या काळात नियम झाला: पाट्यांना भोकं पाडा, दोरा त्यातून तीनदा ओवा, मगच मोहोर. नुसता गुंडाळलेला दोरा सरकवून काढता येतो, हे आमच्याही खिडकीवर कळायचं. ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या पोम्पेई या रोमन शहरात १८७५ साली एका सावकाराच्या घरात अशा दीडशेवर पाट्या सापडल्या.

आणखी एक. आम्ही पितळी शिक्का आधी पाण्यात बुडवायचो, नाहीतर लाख त्याला धरून बसते. रोमन माणूस अंगठीचा खडा जिभेने ओला करायचा. खड्यावरचं चित्र उलटं कोरलेलं असायचं. बाबांची अंगठी बघा.

लेणीवाला
आपल्याकडे त्याच सुमाराची वेगळी रीत दिसते. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या १० नंबरच्या लेण्यात उषवदाताचं, म्हणजे नहपान राजाच्या जावयाचं, दान कोरलंय: इथल्याच गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे (संघाकडे) २००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, महिना शेकडा एक व्याजाने. शेवटी म्हटलंय की हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं आणि फलकवारात, म्हणजे दफ्तरात, नोंदवलं. तिथे साक्ष होती सगळ्या सभेची. मुलाला घेऊन जा, अक्षरं अजून दिसतात.

सातपूरची सई
काका, सात साक्षीदार ऐकून मुलगा चकित झाला. बाबांच्या मृत्युपत्रावर दोनच सह्या आहेत, कायद्याला तेवढ्या पुरतात. अंगठी आत्ता उजेडात धरली. 'श्री' खरंच उलटा आहे. इतकी वर्षं त्यांच्या बोटात बघत होते, कधी लक्षातच आलं नाही. लाखेचे तुकडे डबीत ठेवलेत. रविवारी लेण्यांवर जातो.