हाडाची पूड भरणं म्हणजे बिल फुगवणं नव्हे

दाढ काढल्या काढल्या खड्ड्यात हाडाची पूड भरायला डॉक्टर सांगतायत, हे पैसे काढणं तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय. नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी सुचवलं तेव्हा मलाही अगदी हेच वाटलं होतं. ‘बघू’ म्हणत दीड वर्ष काढलं.

दात गेला की तिथलं हाड झिजायला लागतं. वर्षभरात रुंदी निम्म्यावर येऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या 3 महिन्यांतच होते. लगेच पूड भरली तर ही झीज कमी होते. माझ्या सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) इम्प्लांटचा, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम दाताचा, स्क्रू धरेल एवढी जाडीच उरली नव्हती. मग हिरडी उघडून ग्राफ्ट (म्हणजे हाडाची भर घालणं), वर 6 महिने थांबणं. खर्च तर विचारूच नका.

पूड कशाची, ते मात्र आधी विचारा. बऱ्याचदा ती गाईच्या हाडापासून केलेली असते, ती झाकायला वर लावतात तो पडदाही प्राण्याच्या कोलॅजनचा. (आईला हे कळलं तेव्हा घरात जे रामायण झालं!) कॅल्शियम फॉस्फेटची कृत्रिम पूडही मिळते.

अक्कलदाढ काढली असेल किंवा तिथे इम्प्लांट बसवायचाच नसेल, तर मात्र सहसा ग्राफ्ट लागत नाही. तुमची नेमकी कुठली दाढ?