कपड्यांच्या दुकानात मिळालेली वागणूक: तुमचे अनुभव लिहा

बहिणीचं लग्न ठरलं होतं. बस्ता बांधायला आई, मावशी, बहीण आणि मी पहाटेच्या एसटीने पुण्याला आलो. मे महिना, उन्हाची तलखी, पायात साध्या चपला, हातात डबा आणि पाण्याची बाटली असलेली कापडी पिशवी. लक्ष्मी रोडवरच्या एका मोठ्या दुकानात पैठण्या दुसऱ्या मजल्यावर होत्या. काचेआडच्या मोरपंखी पैठणीकडे बोट दाखवून आई म्हणाली, "ही जरा बघू द्या." गादीवर बसलेल्या माणसाने आधी तिच्या पायांकडे पाहिलं, मग पिशवीकडे. "घ्यायची असेल तरच काढतो. घडी मोडली की परत तशी बसत नाही. सेमी सिल्क खाली आहे, तिकडे बघा."

आईच्या पर्समध्ये त्या दिवशी चाळीस हजार रुपये होते, दोन वर्षं भिशी लावून साठवलेले. ती काही बोलली नाही. आम्ही खाली उतरलो, दुसऱ्या दुकानात खरेदी केली. दुपारी डबा उघडला तर कोणालाच घास जाईना. मी तेव्हा कमावती होते, चांगली बोलती होते, आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. ते मला आजही टोचतं.

म्हणून हा धागा. तुमच्या बाबतीत काय झालं ते लिहाच, पण त्या क्षणी तुम्ही काय बोललात किंवा नंतर काय केलंत, ते जास्त सविस्तर लिहा. दुकानांची नावं नकोत. गाव, बाजारपेठ सांगितली तरी पुरे.

*

डोंबिवली. बाळंतपणानंतर माझं वजन वाढलं होतं. कुर्ता हातात घेतला तर काउंटरवरच्या मुलीने तिथूनच आत आवाज दिला, "डबल एक्सेलच्या पुढचं काही आहे का रे? मॅडमना हे नाही होणार." दुकानात सात-आठ माणसं होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "माप मला हळू विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं." तिचा चेहरा उतरला, सॉरी म्हणाली, मनापासून म्हणाली. तिला तोवर हे कोणी सांगितलंच नसावं. कुर्ता मी घेतला नाही.

*

मी नाशिकची. माझा अनुभव लांबलचक आहे, पण सगळा लिहिते, कारण यातली एकेक पायरी मला स्वतःला कोणीतरी सांगितली म्हणून कळली.

गर्द निळा सुती कुर्ता, त्यावर पांढरं भरतकाम, किंमत 1,850 रुपये. लेबलावर लिहिल्याप्रमाणे थंड पाण्यात, एकटाच, हाताने धुतला. पाणी शाईसारखं झालं आणि भरतकाम सगळं निळं. दुसऱ्या दिवशी कुर्ता घेऊन गेले तर मालक म्हणाले, "धुतलेला कपडा आम्ही घेत नाही. पाटी वाचा." गल्ल्याच्या मागे पाटी होतीच: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी म्हटलं, अहो, धुतल्याशिवाय रंग जातो हे कळणार कसं? त्यावर ते नोकराकडे बघून हसले. त्या हसण्याने मी पेटले.

आमच्या शेजारचे काका बरीच वर्षं ग्राहक पंचायतीचं काम करतात. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये सुरू केलेली ही चळवळ, तिच्यात तरुणपणीच गेलेली माणसं अजून गावोगावी आहेत. काकांनी पाटीबद्दल पहिली गोष्ट सांगितली ती अशी: मालात दोष असेल तर त्या पाटीला अर्थ उरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे, सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मात्र घरी नेल्यावर रंग आवडला नाही, नणंदेला पसंत पडला नाही, अशा कारणांनी परत करायचा हक्क हा कायदा देत नाही. तिथे दुकानाचा जो नियम असेल तो. हा फरक लक्षात ठेवा, नाहीतर भांडायला जाल आणि तोंडावर पडाल.

मग मी साधं पत्र लिहिलं: खरेदीची तारीख, बिल क्रमांक, काय दोष, काय हवं आहे. दोन प्रती. एका प्रतीवर पोच म्हणून शिक्का मागितला, मालकांनी दिला नाही. तेच पत्र बिलाची झेरॉक्स जोडून पोस्टाने पाठवलं, पोचपावती जपून ठेवली. आणि 1915 ला फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. त्यांनी तक्रार नोंदवून घेतली, नंबर दिला. नवव्या दिवशी दुकानातून फोन आला: "क्रेडिट नोट देतो, दुसरं काही घ्या." मला त्या दुकानातून दुसरं काही नको होतं. पैसेच हवेत म्हटलं. संध्याकाळी 1,850 रुपये खात्यात आले.

दिलगिरीचा एक शब्द नाही आला. त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

*

वरच्या ताईंच्या हातात पक्कं बिल होतं. आमच्या जळगावात आम्हाला कच्च्या चिठ्ठीवर 12,000 रुपयांचे कपडे दिले. बिल मागितलं तर म्हणे, "बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा पडेल." लग्नाची घाई, आम्ही गप्प बसलो. शेरवानीची शिवण दोन तासांत उसवली आणि दाखवायला हातात कागद नाही. बिल न देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित प्रथा आहे, हे मला नंतर कळलं. आणि छापील एमआरपीत सगळे कर आलेले असतात. त्यावर पुन्हा कर मागितला तर सरळ नाही म्हणा. सेलमधल्या कपड्यांवरही "सवलत दिली आहे, कर वेगळा" असा प्रकार चालायचा. सवलतीच्या किमतीवर वेगळा व्हॅट लावणं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2017 मध्येच चुकीचं ठरवलं होतं.

आता मी पैसे देण्याआधी बिल मागतो. नंतर मागितलं की आपण अडून बसलोय असं वाटायला लावतात.

*

साडी घेतली तेव्हा बिलात पिशवीचे दहा रुपये वेगळे लावले होते, तेही दुकानाची जाहिरात छापलेल्या पिशवीचे. क्षुल्लक वाटतं, पण 2019 मध्ये चंदीगडच्या ग्राहक मंचाने तीन रुपयांच्या पिशवीवरून ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला होता. मी फक्त म्हटलं, "पिशवी नको, साडी हातात नेते." त्यांनी पैसे कमी केले.

*

मला थोडं वेगळं लिहायचं आहे. राग मानू नका.

मी कोल्हापुरात महाद्वार रोडच्या बाजूला साड्यांच्या दुकानात अकरा वर्षं काम केलं. सकाळी साडेनऊला उभं राहायचं ते रात्री नऊपर्यंत. स्टूल होतं, पण ते गिऱ्हाइकासाठी. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, कारण रस्त्यावरून बघणाऱ्याला दुकान ओस दिसतं, असं मालक म्हणायचे. एका बाईंसाठी साठ साड्या उलगडल्या आणि त्या "बघून येते" म्हणून गेल्या, तर त्या साठ घड्या मी रात्री घालायच्या. आणि गिऱ्हाईक का गेलं, याचा जाब मलाच.

आम्हाला शिकवायचेच: दारातून येणाऱ्याचे पाय बघा, गळा बघा, सोबत किती माणसं आहेत बघा, मग ठरवा कुठला थर काढायचा. पहिल्या पोस्टमधल्या ताईंच्या आईंना जो माणूस तसं बोलला, त्याने ते कोणाकडून तरी शिकलेलं असणार. मीही अशी वागले आहे. एकदा एका धनगर आजींना मी बाहेरच्या पाचशेच्या ढिगाकडे वळवलं. त्यांनी पाचशेचीच घेतली. जाताना म्हणाल्या, "पोरी, आतली बघायची होती गं नुसती." ते वाक्य मी विसरलेले नाही. त्यानंतर माझ्या काउंटरवर आलेल्या प्रत्येकीला मी निदान एक तरी उंची साडी उलगडून दाखवायचे. मालक ओरडायचे. मी घडी घालायचे.

केरळात साडीच्या दुकानांतल्या बायकांनी बसायच्या हक्कासाठी लढा दिला आणि 2018 मध्ये तिथे तसा कायदा झाला. 2021 मध्ये तमिळनाडूनेही केला. हे मला दुकान सोडल्यावर कळलं. आमच्यातल्या कोणाला बसायला मागता येतं, हेच सुचलं नव्हतं.

उद्धट बोललं तर जरूर सुनवा. पण समोरच्या मुलीला सुनवून झालं की मालकालाही भेटा. तो आत गारव्यात बसलेला असतो.

*

नागपूर, सीताबर्डी. बाबा व्हीलचेअरवर आहेत. दुकानाला चार पायऱ्या. बाहेरूनच विचारलं, दोन माणसं उचलायला मिळतील का? पहिल्या दुकानात उत्तर आलं, "गर्दीचा टाइम आहे, दुपारी आणा ना." बाबा म्हणाले, चल घरी. पण मी शेजारच्या छोट्या दुकानात विचारलं. मालक स्वतः बाहेर आले, फुटपाथवर सतरंजी टाकली, पंधरा-वीस शर्ट आणून बाबांच्या मांडीवर ठेवले, सावलीसाठी छत्री धरायला पोरगा उभा केला. बाबांनी मनासारखे चार शर्ट घेतले, एक भडक लाल. आईच्या पश्चात त्यांनी स्वतःहून काही मागितलं ते पहिल्यांदाच. चांगला अनुभव इथे लिहायचा की नाही माहीत नाही, पण दोन दुकानांमध्ये अंतर पाच फुटांचं होतं.

*

मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला असते. इथे 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष वस्तू 30 दिवसांत परत करून पूर्ण पैसे मिळतात, आणि कपडे परत करताना सहसा कोणी भुवई उंचावत नाही. पण बेलग्रेव्ह रोडवर साडी घ्यायला गेले तेव्हा मराठी उच्चारात गुजराती बोलले, तर दुकानातल्या बाई आपसात हसल्या. तिथे कुठला कायदा लावायचा? मी तशीच गुजरातीत बोलत राहिले, फॉल-पिकोचे पैसे ठरवले, पावती घेतली. पुढच्या वेळी त्या बाईंनी चहा विचारला.

*

धागा काढणारी पुन्हा लिहिते आहे. नाशिकच्या ताई, तुमच्या पत्राचा मसुदा मी उतरवून घेतला. अजून एक भर: जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि आता आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. पुण्यात घेतलेल्या साडीसाठी पुन्हा पुण्याला खेटे घालायला नकोत. मुदत दोन वर्षांची.

काल रात्री आईला सगळे अनुभव वाचून दाखवले. त्या पैठणीवाल्याबद्दल ती काहीच बोलली नाही. कोल्हापूरच्या ताईंचं मात्र दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "त्यांचे पाय आता कसे आहेत, विचार गं."

*

कोल्हापूरहून: शिरा फुगल्यात, डाव्या पायाच्या जास्त. डॉक्टरांनी पट्टीचे मोजे दिलेत. आता घरीच ब्लाउज शिवते, बसून. आईंना म्हणावं, इकडे आल्या की घरी या. माझ्या लग्नातली पैठणी आहे, घडी मोडून दाखवते.