मदत हवी आहे: सासऱ्यांचं हृदय, मुलाची अ‍ॅलर्जी आणि ट्रोपोमायोसिन

मंडळी, चोपड्याहून लिहितेय. सासऱ्यांना हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी आहे, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड झालाय. जनुक चाचणीत टीपीएम१ मध्ये दोष निघाला. हे जनुक ट्रोपोमायोसिन बनवतं, स्नायूचं आकुंचन आवरणारं प्रथिन.

इकडे मुलाला सुका जवळा खाल्ला की अंगभर गांधी उठतात. कोळंबी-जवळ्याच्या अ‍ॅलर्जीचं मुख्य कारणही ट्रोपोमायोसिनच! शिजवूनही टिकणारं. सासूबाईंचं ठाम मत, ‘आजोबांचंच आलं.’ मला नाही पटत. तो जनुकातला दोष, ही परक्या प्रथिनावरची प्रतिक्रिया. कोंबडी-मटणातही ट्रोपोमायोसिन असतं, पण ते त्याला बिनधास्त चालतं.

पण दोष मुलातही उतरला असेल तर? टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) नि जनुक चाचणी कोणत्या वयात करावी? जळगाव-धुळ्याकडे अ‍ॅलर्जीची रक्तचाचणी कुठे होते?