रत्नागिरीत समुद्राजवळ कायमचं राहायला यायचंय, जुन्या लोकांनी जरा सांगा

निघालोय_पुण्याहून

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं, वय 56 आणि 53, मुलगी बाहेर शिकते आणि आई 79 वर्षांची आमच्याजवळ असते. गेली आठ-दहा वर्षं डिसेंबरात नाहीतर मे महिन्यात रत्नागिरीला येतोय, सकाळी भाट्याला चालायचं, संध्याकाळी मांडवीला बसायचं, आणि परत निघताना हातखंबा आला की बायको गप्पच होते, दरवेळी तेच. आता पुढच्या वर्षी नोकरी सोडतोय तर म्हटलं कायमचंच यावं. समुद्राकडे तोंड असलेला फ्लॅट बघितलाय, चौथा मजला, बाल्कनीतून नुसतं पाणीच पाणी. टोकन अजून दिलेलं नाही. एजंट सगळं छानच सांगतो, म्हणून ज्यांचा जन्म तिथे गेलाय त्यांच्याकडून ऐकायचंय. दमट हवा, पाणी, डॉक्टर, जे असेल ते मोकळेपणाने लिहा.

झाडगावची_काकू

दादा, माझं वय 63, माहेर रत्नागिरी आणि सासर पण रत्नागिरीच, मधली तीन वर्षं ठाण्यात काढली ती सोडली तर इथून हललेच नाही. टोकन दिलं नाहीत ते फार बरं केलंत.

पहिलं सांगते ते त्या बाल्कनीबद्दल. आमच्या जुन्या घराला समुद्राच्या बाजूला एक पण मोठी खिडकी नव्हती. पडवी पूर्वेला, मागे माडांची रांग, आणि कौलं एवढी खाली उतरलेली की वाकून आत शिरायचं. लहानपणी मला वाटायचं एवढा समुद्र जवळ असून आजोबांनी घराची पाठ का केली त्याच्याकडे, लग्न होऊन स्वतःचं घर सांभाळायला लागले तेव्हा कळलं. जूनपासून पाऊस वरून पडत नाही इथे, आडवा येतो, आणि सोबत खारं वारं. चौथ्या मजल्यावर समोर काही आडोसाच नाही म्हटल्यावर ते थेट तुमच्या हॉलमध्ये. खिडकीच्या फटीतून पाणी येतं, बिजागऱ्या गंजतात, पंख्याच्या पात्यांवर चिकट थर बसतो, एसीचं बाहेरचं युनिट शहराच्या आतल्या भागात जेवढं टिकतं तेवढं किनाऱ्यावर टिकत नाही. माझ्या बहिणीच्या बिल्डिंगमध्ये स्लॅबची ढलपी पडली तेव्हा आतली सळी बोटाने सोलता येत होती. खारं वारं सळीपर्यंत पोचलं की सळी गंजून फुगते आणि काँक्रीटला फोडून बाहेर येते, वरून कितीही रंग मारा. त्यात बांधताना न धुतलेली खाडीची वाळू वापरली असेल तर बघायलाच नको. म्हणून फ्लॅट बघायला जाल तेव्हा तुमचा राहू दे, आजूबाजूच्या पंधरा-वीस वर्षं जुन्या बिल्डिंगच्या बाल्कन्यांची खालची बाजू बघा, बीमला सळीच्या रेषेत लांब चिरा आहेत का बघा.

खारं वारं लोखंडाचं काय करतं ते बघायचं असेल तर मिऱ्या गावाला समुद्र अडवायला दगडांचा बंधारा घातलाय, त्याच्यावरच्या जहाजाचं ऐका. 3 जून 2020, निसर्ग वादळाचा दिवस, बसरा स्टार नावाचं जहाज वाऱ्याने ढकलत आणून बंधाऱ्याच्या दगडांवर बसवलं. पुढे कित्येक वर्षं ते तिथेच होतं, लोक बघायला जायचे, फोटो काढायचे, आणि आम्हाला डोळ्यांदेखत ते लाल लाल होत गेलेलं दिसायचं. मिऱ्याच्या लोकांची मात्र झोप उडाली होती. तिथे दर पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला लाटा बंधाऱ्यावरून आत येतात, माडांची मुळं उघडी पडतात, आणि वर्षानुवर्षं दगड टाकायचे, समुद्राने न्यायचे, परत टाकायचे असं चाललेलं मी लहान असल्यापासून बघतेय.

पाणी. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे खरं, पण सगळी जमीन जांभ्याची, म्हणजे भोकाभोकाच्या तांबड्या दगडाची, ती पाणी धरून ठेवत नाही, वरून आलं की खालून समुद्रात गेलं. शहराला शीळ धरणाचं पाणी आहे, तरी एप्रिल-मे आला की विहिरी तळाला जातात आणि टँकर फिरायला लागतात. तुम्ही मे महिन्यात येता पण हॉटेलात उतरता, त्यामुळे ही बाजू तुम्हाला दिसलेलीच नसणार. बिल्डिंगला विहीर आहे का, बोअर आहे का आणि त्याचं पाणी मे अखेरीला मचूळ होतं का, हे तिथल्या राहणाऱ्या बाईला विचारा, एजंटला नको.

आता आईंबद्दल. साध्या दुखण्याला डॉक्टर भरपूर आहेत, सिव्हिल हॉस्पिटल आहे, पण मोठं काही झालं की अजूनही माणसं कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठतात. माझ्या मिस्टरांना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा आम्ही आंबा घाटातून कोल्हापूरला नेलं, जुलै महिना, धुकं एवढं की ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून गाडी चालवत होता. ते वाचले, पण तो घाट मी विसरणार नाही. आई 79 च्या आहेत म्हणून हे लिहिणं भाग आहे.

एवढं सगळं लिहून पण मी इथून जाणार नाही. कारण ठाण्यात असताना मला रात्री झोप लागत नव्हती, काय चुकतंय कळत नव्हतं, सासूने बरोबर ओळखलंन, म्हणाली समुद्राची गाज ऐकू येत नाही ना, म्हणून. पावसाळ्यात ती गाज बदलते, जूनमध्ये एकदम जड होते आणि श्रावणात हळूहळू मोकळी होत जाते, घरात बसून आम्हाला महिना कळतो. हे दोन दिवस राहून नाही कळत. म्हणून माझं ऐकाल तर विकत काही घेऊ नका, आधी जून ते सप्टेंबर भाड्याने राहा. मारुती मंदिर किंवा नाचणे बाजूला, चढावर. इथे कैदेत ठेवलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा पण 1910 साली इंग्रजांनी वर टेकाडावरच बांधलाय, वाळूत नाही.

राजिवडा_बोटवाला

काकूंनी घराचं सांगितलं, मी समुद्राचं सांगतो कारण आमचं पोट त्याच्यावर आहे. बाहेरून येणारे लोक विचारतात रोज ताजी मच्छी मिळणार ना. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा सुकट, सोडे, सुके बोंबील, आणि पहिल्या पावसात ओढ्यातून वर चढणारे, चढणीचे मासे मिळाले तर मिळाले. ऑगस्टपासून मिरकरवाडा बंदरावर जा, पण भाव दरवर्षी वर जातोय आणि त्याला कारण आहे. एलईडी लाईट लावून मासे ओढायला 2017 पासून बंदी आहे तरी रात्री समुद्रात उजेड दिसतो, लहान पिल्लू मासा सुद्धा उचलला जातो, मग आमच्यासारख्या छोट्या होडीवाल्याने काय आणायचं? भाट्ये खाडीच्या तोंडाशी गाळ साचलाय, भरती येईपर्यंत होडी बाहेर काढता येत नाही, घाई केली की होडी आपटते. माझ्या चुलत्याची होडी तिथेच फुटली.

तुम्ही या, राहा, आमचं काही म्हणणं नाही, माणसं वाढली तर आम्हाला पण गिऱ्हाईक आहे. फक्त समुद्राला तोंड असलेली जागा घेताना आधी बघा की तिथे कोणाची होडी लागायची, जाळी कुठे सुकत होती. किनाऱ्यावरची रिकामी दिसणारी जागा रिकामी नसते दादा.

कागद_आधी

भरती रेषेपासून 500 मीटरपर्यंत सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम लागतात, बिल्डरकडून त्याची परवानगी लेखी बघा, तोंडी नको. आणि बंगल्याचा विचार केलात तर प्लॉट एनए म्हणजे बिगरशेती आहे का ते आधी, तुमच्या नावावर शेतजमीन नसेल तर शेतीची जमीन घेताच येणार नाही. यात फसलेले दोन जण माझ्या ओळखीत आहेत.

निघालोय_पुण्याहून

काकू, तुमचं बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती घाटापाशी थांबली, मग म्हणाली पुढचं वाच. टोकन देत नाही. बोटवाले दादा, जाळ्यांचं खरंच डोक्यात आलं नव्हतं, त्या बिल्डिंगच्या खालीच दोन होड्या उलट्या घालून ठेवल्या होत्या, आम्ही त्यांच्यापाशी उभं राहून फोटो काढले होते. पुढच्या वर्षी जूनला भाड्याने येतो, आई चार महिने बहिणीकडे राहील. येताना काय काय आणावं?

झाडगावची_काकू

जूनला नको, 20 मेच्या आत या. पाऊस लागायच्या आधी पापड, कोकम, सुकं वाळवून डब्यात भरावं लागतं, नंतर ऊनच मिळत नाही. कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, चामड्याच्या चपला-बॅगा पुण्यातच ठेवा, बुरशी येते. सिलेंडर दोन, टॉर्च दोन, वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. छत्री नको, इरलं (डोक्यापाठीवरून घ्यायचं पानांचं आच्छादन) नाहीतर चांगला रेनकोट. नाचणे रोडला माझ्या मैत्रिणीची खालच्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा मार्चमध्ये रिकामी होतेय, चिऱ्याचं घर आहे, विहीर मेमध्ये पण आटत नाही. व्यनि (खासगी निरोप) करते.