शब्दचर्चा : दोषसिद्धी, संशय, निर्दोष (खुनाच्या खटल्यावरील माहितीपटाच्या निमित्ताने)

मृणाल (दादर)

एका माहितीपटाच्या मराठी उपशीर्षकांचा मसुदा तपासायला आला आहे. विषय डॅलसमधला रँडल डेल अ‍ॅडम्सचा खटला. नोव्हेंबर १९७६ मध्ये गाडी थांबवून विचारपूस करणाऱ्या पोलिसाचा गोळ्या घालून खून झाला, १९७७ मध्ये अ‍ॅडम्सला देहदंडाची शिक्षा झाली, १९८८ मध्ये त्या निकालावर शंका घेणारा माहितीपट आला आणि १९८९ मध्ये तो सुटला. मसुद्यात पुढील वाक्ये आहेत:

'१९८० मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली, तरी तो तुरुंगातच राहिला.'
'पंचांनी त्याला दोषी ठरवले.'
'अखेर तो निष्पाप सिद्ध झाला.'

तिन्ही वाक्ये खटकतात. 'कन्व्हिक्शन'ला 'शिक्षा' म्हणणे चालेल का? आणि 'डाउट'ला शंका म्हणावे की संशय?

श्रीधर (गिरगाव)

मृणालताई, 'शिक्षा' चालणार नाही. दोषी ठरवणे ही एक पायरी आणि त्याबद्दल शिक्षा देणे ही दुसरी. पहिलीला दोषसिद्धी म्हणतात. आपल्या सत्र न्यायालयातही न्यायाधीश आधी दोषी असल्याचे सांगतात, मग शिक्षेच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकतात आणि त्यानंतर शिक्षा सुनावतात. कित्येकदा या दोन्हींमध्ये काही दिवसांचे अंतर असते. वर्तमानपत्रांनी 'शिक्षा' या एका शब्दात दोन्ही गोष्टी कोंबल्यामुळे हा घोटाळा होतो.

अ‍ॅडम्सच्या खटल्यात तर सगळे याच फरकावर उभे आहे. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा देहदंड रद्द केला, तो ज्यूरी (खटला ऐकून आरोपी दोषी की नाही ते ठरवणारे नागरिक) निवडण्याच्या पद्धतीतल्या दोषामुळे. खून त्याने केला की नाही, हा प्रश्न तिथे आलाच नाही. मग टेक्ससच्या गव्हर्नरांनी शिक्षा सौम्य करून जन्मठेप दिली, म्हणून नवा खटलाही चालला नाही. दोषसिद्धी जागच्या जागी राहिली. ती रद्द झाली मार्च १९८९ मध्ये, टेक्ससच्या फौजदारी अपील न्यायालयात. तेव्हा पहिले वाक्य असे करा: 'देहदंड रद्द होऊन जन्मठेप झाली, दोषसिद्धी कायम राहिली.'

ज्याची दोषसिद्धी झाली तो सिद्धदोष. तुरुंगाच्या कागदांत सिद्धदोष बंदी आणि न्यायाधीन बंदी (ज्याचा खटला अजून निकाली निघालेला नाही) असे दोन प्रकार असतात, बोलण्यात पक्का कैदी आणि कच्चा कैदी. आर्थर रोडला बहुतेक कच्चे कैदी असतात, म्हणून 'आर्थर रोडमध्ये शिक्षा भोगत आहे' असे वाक्य दिसले की एकदा तपासून घ्यावे.

शलाका (ठाणे)

'पंचांनी दोषी ठरवले' हे तर काढाच. मराठी वाचकाला न्यायालयातला पंच म्हणजे पंचनाम्यावर सही करणारा माणूस. तो कोणालाही दोषी ठरवत नाही. जप्ती, घटनास्थळ, मृतदेहाची स्थिती आपल्यासमोर अशी होती एवढेच तो सांगतो. ज्यूरीला ज्यूरीच म्हणावे. मुंबईच्या मराठी वाचकाला तो शब्द नानावटी खटल्यापासून ठाऊक आहे. ज्यूरी देते तो कौल आणि न्यायाधीश देतात तो निकाल, हा फरकही पाळावा. १९५९ मध्ये नानावटींच्या बाजूने ज्यूरीचा कौल आठ विरुद्ध एक असा पडला. न्यायाधीशांना तो पटला नाही, म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि उच्च न्यायालयाने नानावटींना दोषी ठरवले. कौल आणि निकाल एकच समजले तर हे घडले कसे, तेच कळणार नाही.

'माफी'बद्दलही इथेच सांगते. नानावटींना १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. माफी म्हणजे निर्दोषत्व नव्हे. दयेचा अर्ज मंजूर झाला तरी न्यायालयाचा निकाल दप्तरी तसाच राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये केहरसिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. 'माफी मिळून निर्दोष सुटला' असे लिहिणे म्हणजे दोन वेगळ्या वाटा एकत्र करणे.

नामदेव (भायखळा)

शंका की संशय, हा या धाग्यातला खरा अवघड प्रश्न आहे.

मराठीत 'संशय' एकाच वेळी दोन विरुद्ध कामे करतो. पोलिसांचा आरोपीवर संशय असतो, त्यातून संशयित हा शब्द आला. न्यायालयाला सरकार पक्षाच्या पुराव्याबद्दल संशय वाटतो, त्यातून संशयाचा फायदा. पहिला संशय आरोपीला अडकवतो, दुसरा त्याला सोडवतो. न्यायालये वारंवार सांगतात की संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. त्याच परिच्छेदात पुढे येते की गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हायला हवा. निकालपत्राचा सराव असलेल्याला हे कळते. पण उपशीर्षक दोन-तीन सेकंद दिसते, तेवढ्यात प्रेक्षकाने कोणता संशय धरायचा?

म्हणून उपशीर्षकांपुरते असे करावे: आरोपीवर असेल तेव्हा संशय, पुराव्याबद्दल असेल तेव्हा शंका. 'वाजवी शंकेपलीकडे' कानाला जरा नवे वाटेल, पण अर्थ चटकन पोचेल.

शलाका (ठाणे)

नामदेवकाका, अडचण कळली, पण 'संशयाचा फायदा' ही ठरून गेलेली जोडी आहे. ती मोडून 'शंकेचा फायदा' लिहिले तर वाचणाऱ्याला तो वेगळाच काही प्रकार वाटेल. शिवाय शंका फार हलकी असते, ती विचारली आणि फिटली. वाजवी संशय तसा नसतो. तो पुराव्यातून निघावा लागतो आणि त्याचे कारण सांगता यावे लागते. 'कोण जाणे, नसेलही केला खून' ही शंका झाली. 'मारेकऱ्याचा चेहरा दिसला म्हणणारा साक्षीदार इतक्या दुरून, अंधारात होता' हा वाजवी संशय.

नामदेव (भायखळा)

शलाका, तुझे म्हणणे रास्त आहे. 'संशयाचा फायदा' आणि 'वाजवी संशय' या दोन जोड्या तशाच ठेवू. बाकी ठिकाणी मात्र पुराव्याबद्दलच्या एकट्या 'डाउट'ला शंका आणि आरोपीवरच्या 'सस्पिशन'ला संशय. 'माहितीपटाने दोषसिद्धीबद्दल शंका उपस्थित केल्या' हे बरोबर. 'दोषसिद्धीवर संशय घेतला' म्हटले की कोणीतरी लबाडी केल्याचा आरोप त्यात शिरतो. तो आरोप माहितीपटात असेल तरच लिहावा.

इब्राहिम (कुर्ला)

'निष्पाप सिद्ध झाला' याबद्दल कोणी बोलले नाही. निष्पाप हा नीतीचा शब्द, न्यायालय तो कोणाला लावत नाही. निर्दोष चालतो, पण 'निर्दोष सिद्ध झाला' क्वचितच खरे असते. १८७२ च्या पुरावा कायद्यात तीन वेगळ्या अवस्था आहेत आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही त्या कायम आहेत: शाबीत, नाशाबीत आणि शाबीत न झालेले. नाशाबीत म्हणजे गोष्ट घडली नाही असे पुराव्यावरून ठरले. शाबीत न झालेले म्हणजे इकडेही नाही, तिकडेही नाही. खुनाच्या खटल्यातली बहुतेक निर्दोष मुक्तता या तिसऱ्या प्रकारात मोडते. म्हणून 'निर्दोष मुक्तता झाली' किंवा 'गुन्हा सिद्ध झाला नाही' असे लिहावे. 'सन्मानपूर्वक मुक्तता' असा वेगळा वर्ग फौजदारी प्रक्रियेत नाही. तो शब्द नोकरीतल्या खातेनिहाय चौकशीच्या संदर्भात येतो.

अ‍ॅडम्सच्या बाबतीत तर मुक्ततेचा निकालही नाही. दोषसिद्धी रद्द झाली, फेरखटला चालवता आला असता, पण सरकार पक्षाने आरोप सोडून दिले. त्या उपशीर्षकात 'दोषसिद्धी रद्द, आरोप मागे, सुटका' एवढे पुरेसे आहे.

आणखी एक. खटला उभा राहण्याआधीच आरोपातून वगळले तर ते आरोपमुक्त करणे. पूर्ण सुनावणीनंतर सोडले तर निर्दोष मुक्तता. बातम्यांत दोन्हीला 'दोषमुक्त' छापलेले आढळते, म्हणून तो शब्द उपशीर्षकात टाळलेलाच बरा.

मृणाल (दादर)

फार उपयोग झाला. आता पुराव्याच्या भागातले शब्द. मसुद्यात 'साखळी तुटली' दोन ठिकाणी आहे, एकदा वकिलाच्या तोंडी आणि एकदा प्रयोगशाळेच्या संदर्भात. एका साक्षीदारासाठी 'फितूर' वापरले आहे. प्रसंगाची पुन्हा उभी केलेली दृश्ये आहेत, त्यांच्यावर 'घटनेचे चित्रण' अशी पाटी आहे.

श्रीधर (गिरगाव)

त्या दोन वेगवेगळ्या साखळ्या आहेत.

पहिली परिस्थितीची साखळी. प्रत्यक्ष पाहणारा नसेल तेव्हा एकेक परिस्थिती जोडून दोषापर्यंत पोचावे लागते. यावरचा पायाभूत निकाल महाराष्ट्रातल्याच प्रकरणातला आहे, शरद बिर्धीचंद सारडा, १९८४. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने सोडले. तिथे पाच कसोट्या सांगितल्या आहेत आणि त्यांना निकालपत्रातच पंचशील म्हटले आहे. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध हवी. त्या सगळ्या फक्त आरोपीच्या दोषाशीच जुळायला हव्यात. त्या निर्णायक स्वरूपाच्या हव्यात. दुसरा कोणताही संभव त्यांनी उरू देता कामा नये. आणि साखळी इतकी पुरी हवी की आरोपी निर्दोष असण्याला वाजवी आधार राहू नये. पहिल्या कसोटीत 'सिद्ध व्हायलाच हवे' आणि 'सिद्ध होऊ शकेल' यांतला फरक आहे, तो १९७३ च्या शिवाजी साहेबराव बोबडे निकालातून घेतलेला. माहितीपटातला वकील 'दुसराही संभव उरतो' म्हणतो तेव्हा तो चौथ्या कसोटीबद्दल बोलत असतो. 'संभव' शब्द तिथे ठेवा, 'शक्यता वाटते' असे मऊ करू नका.

दुसरी मुद्देमालाच्या ताब्याची साखळी. तिच्याबद्दल इब्राहिम नीट सांगेल.

इब्राहिम (कुर्ला)

वस्तू जप्त झाल्यापासून न्यायालयात येईपर्यंत कोणाच्या ताब्यात होती, याची अखंड नोंद म्हणजे ही साखळी. आपल्याकडचा क्रम असा: पंचांसमोर जप्ती, वस्तू पुडक्यात घालून लाखेची मोहोर, पंचांच्या सहीचे लेबल, पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल रजिस्टरात नोंद, मग पत्रासह शिपायाच्या हाती कालिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे. तिथे मोहोर शाबूत आहे का आणि नमुन्याशी जुळते का हे पाहून पुडके घेतात. प्रयोगशाळेच्या अहवालाला कोर्टात सगळे सी. ए. (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्ट म्हणतात.

साखळी कुठे तुटते? जप्तीची तारीख आणि प्रयोगशाळेत पोचल्याची तारीख यांत बरेच दिवस जातात आणि मधल्या काळात पुडके कुठे होते ते कोणी सांगत नाही. नेणाऱ्या शिपायाची साक्षच होत नाही. पंचनाम्यात मोहोर लावल्याचा उल्लेख नसतो, अहवालात मात्र मोहोर असते. असे झाले की रक्तगट किंवा डीएनए जुळूनही त्याचे वजन कमी होते, कारण तपासलेला नमुना जप्त केलेलाच होता याची खात्री उरत नाही. उपशीर्षकात 'ताब्याची साखळी' लिहा, म्हणजे पहिल्या साखळीशी गल्लत होणार नाही.

नामदेव (भायखळा)

फितूर साक्षीदार म्हणजे ज्याला एका पक्षाने बोलावले आणि जो न्यायालयात त्याच पक्षाविरुद्ध बोलला. तेव्हा त्याची उलटतपासणी बोलावणारा पक्षच करतो. अ‍ॅडम्सच्या खटल्यातल्या मुख्य साक्षीदाराने, जो तेव्हा सोळा वर्षांचा होता, खटल्यात सरकार पक्षाला हवे तेच सांगितले आणि काही वर्षांनी ते फिरवले. हा फितूर नव्हे. 'साक्ष फिरवली' म्हणा. तो स्वतःवरचा आळ टाळत होता का, हा वेगळा मुद्दा, तो शब्दात घुसवू नये.

जबाब आणि साक्ष हेही वेगळे ठेवा. पोलिसांपुढे सांगितलेला तो जबाब. आपल्याकडे त्यावर साक्षीदाराची सही घेत नाहीत आणि तो पुरावा म्हणून वाचता येत नाही. उलटतपासणीत विसंगती दाखवण्यापुरताच त्याचा उपयोग. दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब त्याहून वजनदार, पण तोही साक्षीची जागा घेत नाही. न्यायालयात शपथेवर सांगितलेली ती साक्ष. माहितीपट पडद्यावर दोन्ही शेजारी ठेवून फरक दाखवतात, तेव्हा दोन्हीला 'जबाब' म्हटले तर तो फरक दिसेनासा होतो.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब आपल्याकडे ग्राह्यच नाही. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा शोधाचा भाग ग्राह्य, आणि त्याचा पंचनामा वेगळा होतो. अमेरिकेतले नियम निराळे आहेत, म्हणून तिथल्या प्रसंगाला आपल्या कलमांचे आकडे चिकटवू नयेत.

शलाका (ठाणे)

'घटनेचे चित्रण' ही पाटी दिशाभूल करते, कारण घटना घडताना कोणी चित्रित केलेली नाही. 'साक्षीवरून उभे केलेले दृश्य' लिहावे, आणि कोणाच्या साक्षीवरून तेही. एकच गोळीबार तीन साक्षींप्रमाणे तीनदा दाखवला असेल तर तिन्हींना वेगळी पाटी हवी. नाहीतर शेवटचे दृश्य खरे आणि आधीची दोन खोटी असे प्रेक्षक आपोआप धरून चालतो.

मृणाल (दादर)

शेवटच्या भागात निवेदक दुसऱ्या एका खटल्याची तुलना करतो. आर्कान्साॅमधले तिघे, १९९४ मध्ये दोषी ठरलेले, ऑगस्ट २०११ मध्ये सुटले. मसुद्यात 'गुन्हा कबूल करून सुटले' आहे.

श्रीधर (गिरगाव)

ते अर्धेच आहे. त्याला अल्फर्ड प्ली म्हणतात, १९७० च्या नॉर्थ कॅरोलिनामधल्या प्रकरणावरून. आरोपी म्हणतो, मी गुन्हा केलेला नाही, पण सरकार पक्षाकडचा पुरावा मला दोषी ठरवायला पुरेल हे मान्य. न्यायालय त्याची नोंद दोषी म्हणूनच करते. म्हणजे ते सुटले, निर्दोषत्वाचा दावा सोडला नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने दोषीच राहिले. मराठीत याला तयार शब्द नाही, कारण आपल्याकडे खुनात अशी तडजोडच नाही. प्ली बार्गेनिंग २००६ पासून आहे, पण सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरते. 'निर्दोष असल्याचे सांगत दोषाची नोंद मान्य केली' असे लिहा. लांब आहे, दोन ओळींत मावेल.

इब्राहिम (कुर्ला)

एक सूचना. शेवटच्या पाटीवर निकालाची सद्यस्थिती लिहाल तेव्हा तारीख टाका, आणि नेमके कशाला स्थगिती आहे तेही. मुंबईचेच उदाहरण आहे. ११ जुलै २००६ च्या लोकलमधील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांची दोषसिद्धी रद्द केली. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, ती तो निकाल इतर खटल्यांत पूर्वनिर्णय म्हणून वापरू नये एवढ्यापुरती. सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितले नाही. नुसते 'मुक्ततेला स्थगिती' लिहिले तर वाचणारा उलटेच समजेल. 'अपील प्रलंबित' असेल तर तेच दोन शब्द लिहा, आणि पाटी छापायला जाण्याच्या दिवशी पुन्हा एकदा तपासा.