मदत हवी आहे : सुपा जलाशयाकडे सायकलने जाण्यासाठी शांत रस्ता

सर्वांना सप्रेम नमस्कार. पाऊस थांबल्यावर, नोव्हेंबरच्या सुरुवातीस, बेळगावहून गणेशगुडीजवळच्या सुपा धरणापर्यंत सायकलने जाण्याचा आम्हा पती-पत्नींचा विचार आहे. आम्ही दोघेही पन्नाशी ओलांडलेले असून वेगाची हौस नाही. रस्ता शांत असावा, एवढीच इच्छा आहे.

आजवरचा आमचा सराव बेळगुंदीवरून राकसकोपपर्यंतचा. भल्या पहाटे निघाल्यास मार्कंडेय नदीवरच्या त्या जलाशयावर धुके उतरलेले असते आणि साखळीच्या करकरीखेरीज काही ऐकू येत नाही. (ती करकर माझ्याच आळसामुळे!) अशीच शांतता काळी नदीच्या खोऱ्यात, जंगलातून जाताना मिळावी असे वाटते.

खानापूर, लोंढा, रामनगर हा मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु गेल्या वर्षी लोंढ्याच्या अलीकडे एका मालट्रकने इतके जवळून ओलांडले, की पत्नीची सायकल थेट खडीत उतरली, आणि तेव्हापासून गोव्याच्या त्या वाहतुकीतून जाण्यास ती तयार नाही. म्हणून खानापुरातून नंदगडमार्गे हल्याळ आणि पुढे दांडेली असे वळसा घेऊन जावे का? त्या रस्त्यावर अलीकडे कोणी सायकल चालवली असल्यास खड्डे, चढ आणि चहापाण्याची गावे यांविषयी कृपया सविस्तर लिहावे. आमची चाके २८ मिलिमीटरची आहेत. दांडेली ते गणेशगुडी या जंगलपट्ट्यात अंधार पडण्यापूर्वी पोहोचण्यासाठी पहिला मुक्काम हल्याळला करावा की दांडेलीला, हेही सुचवावे.