शहर नंतर, आधी गाईड

रसायनशास्त्रात पीएच.डी. करायची तर बेळगाव सोडून पुणं-मुंबईच गाठली पाहिजे, असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय. महागड्या यंत्रांपुरतं ते खरं, पण तेवढंच; शहराआधी बघायचा तो गाईड, म्हणजे संशोधनाचा मार्गदर्शक. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली झालं. त्याआधी आमची कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. माझी एम.एस्सी. त्याच विद्यापीठाची. एनएमआरचे, म्हणजे रेणूची रचना दाखवणाऱ्या चाचणीचे, नमुने बंगळूरला जायचे, निकाल यायला वेळ लागायचा. म्हणून पदार्थ शुद्ध आहे हे सर आधी आमच्या प्रयोगशाळेतच दाखवायला लावत. टीएलसीची, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारी, पट्टी आयोडीनच्या बरणीत ठेवायची. एकच तपकिरी ठिपका उठला तर ठीक, शेजारी पुसटसा दुसरा दिसला की पदार्थ शुद्ध करायला पुन्हा सिलिका जेलचा कॉलम भरायचा. हा हात असा बसला की आयुष्यभर पुरतो.

आणि नावाजलेल्या जागेचंच म्हणाल, तर रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव १९६३ मध्ये बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था सोडून कानपूरच्या आयआयटीत गेले, तेव्हा ती आयआयटी जेमतेम तीन-चार वर्षांची होती. म्हणून जागेचं नाव बघत बसू नका; गाईडचे गेल्या पाच वर्षांतले पेपर वाचा, त्यांच्या विद्यार्थ्यांना भेटा, आणि मगच अर्ज भरा.